तळहाताचं माप

औरादच्या बसस्टँडासमोर अमरेशचं झेरॉक्सचं दुकान आहे. त्याच्या बाजूच्या अरुंद जिन्यानं वर गेलं की पंचशीला मॅडमचा क्लास लागतो. पाटीवर 'कॅड क्लास' एवढंच लिहिलेलं आहे. कॅड म्हणजे कॉम्प्युटरवर वस्तूंचे आराखडे काढणं, हे गावात बऱ्याच जणांना ठाऊक नाही. कुणी शेताचा नकाशा काढून मागतं, कुणी लग्नपत्रिका छापायला म्हणून जिना चढतं. मॅडम चिडत नाहीत. "पत्रिका खाली अमरेशकडं. माझ्याकडं फक्त वस्तू," असं म्हणून पुन्हा कॉम्प्युटरकडं वळतात.

मी चिंताकी-औरादकडचाच. उभी हयात अडत दुकानात मुनिमी करण्यात गेली, आणि मुनिमाच्या हातून आकडे लिहिले जातात, माणसं लिहिली जात नाहीत. तरी या बाईंबद्दल चार ओळी लिहाव्यात असं फार दिवस मनात होतं. माझ्या घरचं ताट त्यांच्यामुळं पुन्हा मांडलं गेलं.

माझी बायको कमलम्मा. तिला लकवा मारला तेव्हा डावी बाजू गेली. पाय हळूहळू सुधारला, काठीनं घरातल्या घरात हिंडू लागली. डावा हात मात्र मुठीत वळला तो वळलाच. बोटं उघडून द्यावीत तर थोड्या वेळानं पुन्हा आत. त्या हातात तिला काही लागलं तरी कळत नसे.

आम्ही लिंगायत. आमच्यात गळ्यातलं लिंग डाव्या तळहातावर घेऊन पूजा करतात. उजव्या हातानं पाणी घालायचं, भस्म लावायचं, पत्री वाहायची आणि त्याच्याकडं नजर लावून बसायचं. पूजा झाल्याशिवाय तोंडात घास नाही. कमलम्मानं लग्नाआधीपासून हा नेम कधी मोडला नव्हता. आता डावा तळहात उघडत नव्हता. लिंग उजव्या हातात धरलं तर पूजा करायला हात उरत नव्हता. मी म्हणालो, मी तुझा हात उघडून धरतो. चार दिवस धरला. माझी बोटं मध्ये यायची, लिंग घरंगळायचं, आणि तिचं लक्ष पूजेत न राहता माझ्या हाताकडं राहायचं.

"तुम्ही धरलं तर ती तुमची पूजा झाली," ती म्हणाली. "माझी न्हाई."

मग ती नुसती डोळे मिटून बसायची आणि पूजा झाली असं समजून चार घास खायची. पुढं चाराचे दोन झाले. गोळ्या पोटात अन्न असल्याशिवाय घ्यायच्या नव्हत्या. ती वाळत चालली. बंगळूरहून मुलगा फोनवर रागवायचा, ती फोन माझ्या हातात द्यायची. बीदरच्या व्यायामाच्या डॉक्टरांनी हात उघडा राहावा म्हणून एक तयार आधार दिला होता, पट्टे असलेला. तो बांधला की बोटं उघडी राहत, पण त्याचा रुंद पट्टा नेमका तळहातावरून जाई. ती त्याच्याकडं बघून म्हणाली, "मधी ही गादी. लिंग कुठं ठेवू, हिच्या डोक्यावर?"

एक दिवस मी दवाखान्याच्या कागदांच्या प्रती काढायला अमरेशकडं गेलो. मशीन गरम झालं होतं, थांबावं लागणार होतं. मी त्याला सहज हाताचं सांगितलं. तो म्हणाला, "अप्पा, वर जा की. मॅडमकडं एक मशीन हाय. प्लास्टिक वितळवून सोऱ्यातनं शेव पाडल्यागत धागा सोडतंय आन् थरावर थर बसवून वस्तू करतंय."

वर जायचं धाडस होत नव्हतं. तरी गेलो. दारात उभा राहून ऐकत होतो. पस्तिशीच्या एक बाई मुलामुलींना शिकवत होत्या. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो, खाली टेबलावर काचेच्या पेटीसारखं मशीन, आणि बाईंच्या हातात खरोखर पितळी सोऱ्या.

"ही चकती बघा," त्या म्हणत होत्या. "चकतीवर चांदणीचं भोक हाय. पीठ दाबलं की काय निघंल?"

"चकली," एक मुलगी म्हणाली. सगळे हसले.

"व्हय, चकली. चांदणी सपाट हुती, दाबल्यावर तिला लांबी आली. सपाट आकाराला लांबी देणं, हे पहिलं काम. आकार चुकीचा असंल तर कितीबी दाबा, चकली वाकडीच." मग त्यांचं लक्ष माझ्याकडं गेलं. "अप्पा, पत्रिका खाली."

मी अडखळत सगळं सांगितलं. लिंगाचं सांगताना आवाज आणखी खाली गेला. त्यांनी मध्ये एकदाही तोडलं नाही. शेवटी विचारलं, "पट्टा तळहातावर नको, लिंग कातडीलाच टेकलं पाहिजे. असंच ना?"

"व्हय."

"करता येतंय. पण मी करणार न्हाई. तुम्ही करायचं."

मला वाटलं, बाई थट्टा करायल्यात. मी म्हणालो, मॅडम, मला मोबाईलसुद्धा नीट येत नाही.

"हात सुधारंल तसा आकार बदलावा लागंल. दर वेळी माझ्या मागं लागणार? त्या हाताशी तुमच्याएवढं कोण बसतंय? उद्या सकाळी या. चष्मा आणा."

असं माझं शिक्षण सुरू झालं. माझ्या नातीच्या वयाच्या मुली दोन्ही बाजूंना आणि मध्ये मी.

मॅडमची शिकवण्याची रीत मी कुठं पाहिली नव्हती. त्या पहिल्या दिवशी म्हणाल्या, "आधी पाट मांडा." कॉम्प्युटरच्या आत तीन पाट असतात, एक जमिनीसारखा आडवा आणि दोन भिंतींसारखे उभे. रेघ ओढायची तर आधी सांगायचं, कुठल्या पाटावर. मी पाट न निवडताच रेघ ओढू लागे आणि काहीच उमटत नसे. "हवेत रांगोळी घालायलाव काय, अप्पा?" बाजूची मुलगी म्हणे.

मग रेघा. ओढलेली रेघ निळी दिसते. ती सुटी असते, धक्का लागला की सरकते. तिला सांगायचं, तू आडवी आहेस, तू अमक्या बिंदूला चिकटलेली आहेस, तुझी लांबी एवढी. सगळं सांगून झालं की ती काळी होते. मग हलत नाही. मला हे फार आवडलं. माझ्या चौकोनाचा एक कोपरा निळा राहायचा आणि मी तासभर शोधत बसायचो. मॅडम मागून म्हणायच्या, "घाई न्हाई. काय सांगायचं राहिलंय ते त्याला विचारा."

गोल वस्तूंसाठी त्यांनी एक तांब्या आणला होता. म्हणाल्या, तांब्या मधोमध उभा कापला असं समजा. कापलेल्या कडेचा अर्धा आकार फक्त काढा आणि तो मधल्या दांडीभोवती फिरवा. मी फिरवला. पडद्यावर तांब्या उभा राहिला. मी चष्मा काढून पुसला. मॅडमनी तो तांब्या त्या दिवशी पडद्यावरून पुसू दिला नाही.

दुपारी मुलं गेल्यावर त्या डबा उघडत. आई विमलबाईंनी दिलेली ज्वारीची भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी. अर्धी भाकरी माझ्यापुढं करत. खाता खाता कधी स्वतःचं सांगत. वडील व्यंकट चिंताकीत दुसऱ्याच्या शेतात राबायचे. मातीच्या बैलांच्या अमावास्येला घरोघरी बैल करत, तेव्हा ही मुलगी बैल न करता बैलगाडी करायची, चाकं फिरणारी. चाकांचा आख मोडायचा, ती पुन्हा करायची. वडील म्हणायचे, मोडू दे, मोडल्याशिवाय कुठं बारीक हाय ते कळत न्हाई. बीदरला मेकॅनिकल डिप्लोमाला गेली तेव्हा वर्गात मुली बोटांवर मोजण्याएवढ्या. पुढं पुण्यात एका कंपनीत नोकरी लागली.

"दिवसभर कॉम्प्युटरवर पंपाची झाकणं काढायची," त्या म्हणाल्या. "कधी याचं, कधी त्याचं. पाच-सहा वर्षं. पण मी काढलेलं झाकण बसलेला पंप डोळ्यानं कधी बघितला न्हाई. कुठं गेला, कुणाच्या शेतात पाणी ओढायलाय, काय ठाऊक."

वडील आजारी पडले म्हणून त्या परत आल्या. वडील गेल्यावर पुण्याहून बोलावणं आलं होतं. गेल्या नाहीत.

"कामून?" मी विचारलं.

"इथल्या पोरींना पाट मांडून द्यायला कोण हाय?" असं म्हणून त्यांनी डबा बंद केला.

हात मोजायचा दिवस ठरला. मॅडम घरी येणार होत्या. मला आदल्या दिवसापासून धाकधूक. कमलम्मा जुन्या वळणाची, आणि ती बसते ती जागा म्हणजे पूजेची खोली. मी तिला एवढंच सांगितलं होतं की मॅडम येणार आहेत. मॅडम आल्या, चप्पल काढली आणि खोलीच्या उंबऱ्याशी थांबल्या. हातात मोजायची पट्टी.

कमलम्मानं विचारलं, "कुणाची गं तू?"

"चिंताकीच्या व्यंकटची."

"खळ्यावर हलगी वाजवायचा तो?"

"तोच."

"लई सुंदर वाजवायचा." थोडा वेळ ती त्यांच्याकडं बघत राहिली. मग म्हणाली, "तिथनं हात कसा मोजशील? ये आत. बस."

मॅडम तिच्यासमोर बसल्या. तिचा डावा हात मांडीवर घेतला आणि एकेक बोट इतकं हलकेच उघडलं, की मलाच लाज वाटली; मी इतके दिवस ओढत होतो. मनगट, तळहाताची रुंदी, अंगठ्याचा उतार. मोबाईलवर फोटो काढून त्यांनी बीदरच्या डॉक्टरांना पाठवला आणि बोटं किती उघडायची ते विचारलं. "मी मशीनचे पार्ट काढणारी, अम्मा. हाडाचं मला कळत न्हाई." डॉक्टर म्हणाले, एकदम सपाट करू नका, थोडी वाकलेली राहू द्या, पुढं बघू.

"तू धरलंस ते मला कळंना बाई," कमलम्मा म्हणाली. "डोळ्यानं बघितलं म्हणून कळायलंय."

"मग कडा सगळ्या गोल करू. टोचलं तर तुम्हाला कळणार न्हाई."

राहिलं लिंगाचं माप. आमच्यात लिंग दुसऱ्याच्या हातात देत नाहीत, मग नवरा असो की डॉक्टर. मॅडमनी मागितलं नाही. मी मान खाली घालून बसलो. कमलम्माच म्हणाली, "ओ, नुसतं बसून काय करायलाव? कणीक मळा."

मी कणीक मळून दिली. तिनं पाठ फिरवून स्वतःच्या उजव्या हातानं लिंग कणकेत हलकेच दाबलं, काढलं, पुसून पुन्हा गळ्यातल्या डबीत ठेवलं. कणकेत सुरेख खळगा उमटला. मॅडमनी तो मोजला. मग कमलम्मानं सांगितलं, "ती कणीक गाईला घाला. टाकू नका." मॅडम जाताना वाटेत स्वतःच्या हातानं गाईला घालून गेल्या.

आधार आता असा ठरला: खालून मनगटाला आणि बोटांना पन्हळीसारखा टेकू, पट्टे मनगटावर आणि बोटांच्या टोकांवर, तळहात पूर्ण मोकळा. तळहातावर लिंगाभोवती, टेकूलाच जोडलेलं एक बुटकं कडं, घरंगळू नये म्हणून. मधून कडं रिकामं, लिंग कातडीलाच टेकेल. कडं मी तांब्यासारखंच फिरवून काढलं. टेकू सोऱ्यातल्या चकलीसारखा लांबवला. कडा गोल केल्या. पडद्याच्या डाव्या बाजूला माझ्या एकेका कामाची नावं खाली खाली येत होती, पहिल्या पाटापासून शेवटच्या गोल कडेपर्यंत.

मॅडम बघत होत्या. म्हणाल्या, "अप्पा, पूजेत पाणी घालता ना? ते तळहातात साचलं तर कातडी भिजून फाटंल, आन् अम्मांना कळणारबी न्हाई. कड्याला एक वाट काढून देऊ, पाणी खाली जाईल." त्यांनी दाखवलं तसं मी कड्यातून बाहेर एक बारीक उतरती पन्हळ कापली. कापतानाच मला ठाऊक होतं. लिंगावरून उतरलेलं पाणी आमच्यासाठी तीर्थ. ते जमिनीवर सांडायचं नसतं, घ्यायचं असतं. पण एवढ्या शिकलेल्या बाईंनी विचार करून सांगितलेलं, त्यात मी काय बोलू, असं म्हणून गप्प बसलो.

मशीननं वस्तू केली. पांढरी, हलकी. मी फडक्यात गुंडाळून घरी आणली. कमलम्मानं आधी हात लावून विचारलं, "प्लास्टिक व्हय?"

"मक्यापासनं करतात म्हणं."

"मक्याचं असंल तर असू दे."

हात आधारात बसला. बोटं उघडी राहिली. तिनं लिंग तळहातावर ठेवलं, ते कड्यात स्थिर राहिलं. तिच्या चेहऱ्याकडं बघून मला वाटलं, झालं. तिनं उजव्या हातानं पाणी घातलं. पाणी कड्यातून पन्हळीत आलं आणि थेंब थेंब फरशीवर पडू लागलं. तिनं झटकन पदर खाली धरला. पूजा तिथंच थांबवली, लिंग पुसून डबीत ठेवलं, आणि ओला पदर माझ्यापुढं धरला.

"हे कुणी केलं?"

"मॅडम म्हणाल्या, पाणी साचायला नको."

"तिला काय ठाऊक? ती काय लिंग बांधती? तुम्हाला ठाऊक न्हवतं?"

मी तिच्या हाताचे पट्टे सोडू लागलो. त्या दिवशी ती दोन घासही जेवली नाही.

दुसऱ्या दिवशी जिना चढून वर गेलो. मॅडमनी चेहरा बघूनच विचारलं, काय झालं. मी सांगितलं. त्यांनी खुर्ची माझ्याकडं वळवली. मग म्हणाल्या, "कापताना तुम्हाला माहीत हुतं?"

"व्हय."

"मग कामून बोलला न्हाई?"

"तुम्ही मॅडम..."

"अप्पा, तुमची पूजा मला ठाऊक न्हाई. माझं मशीन तुम्हाला ठाऊक न्हाई. दोघांनी तोंड मिटून घेतलं तर ते बिचारं कॉम्प्युटर काय करंल?" त्या रागावल्या नव्हत्या. "माझंबी चुकलं. मी पाण्याचं काय करता ते विचारायला पाहिजे हुतं. बसा. आता सांगा, ते पाणी कुठं जातंय?"

मी सांगितलं. एक छोटी चांदीची वाटी आहे, तिच्या आईनं दिलेली. तीर्थ त्यात घेते आणि मग पिते.

मला वाटलं होतं, सगळं पुन्हा पहिल्यापासून करावं लागणार. मॅडमनी डाव्या बाजूच्या यादीवर बोट ठेवलं. "हे तुमचं प्रत्येक काम. ह्यात पन्हळीचं काम कुठलं? त्याच्या रेघा उघडा." मी उघडल्या. बाकी काही हललं नाही, फक्त ती पन्हळ पुन्हा निळी होऊन समोर आली. मी तिला अंगठ्याच्या बाजूला वळवलं, उतार थोडा वाढवला, आणि शेवटी वाटी बसेल असं घर काढलं. रेघा काळ्या झाल्या. यादीतली त्याखालची सगळी कामं आपोआप नव्या आकाराशी जुळून बसली. कातडी भिजत राहणार नव्हती, तीर्थ सांडणार नव्हतं. वाटीचं माप अंदाजानं घातलं होतं, ते ताडून बघायला मी घरी पळालो, आणि अमरेश खालून ओरडला, "अप्पा, चप्पल ऱ्हायली."

नवीन आधार घेऊन मॅडमही आल्या. कमलम्माची तशीच इच्छा होती. त्या बाहेर बसल्या, मी दाराशी. आत कमलम्मा एकटी. पाण्याचा बारीक आवाज आला, वाटीत पडणाऱ्या थेंबांचा. मग काहीच आवाज नाही. इतका वेळ की मला आत डोकवावंसं वाटलं. मॅडमनी हातानं खुणावलं, बसा.

आतून कमलम्माचा आवाज आला. "ओ, झाली पूजा. ताटं वाढा. तीन वाढा."

मी वाढायला उठलो आणि क्षणभर कुठलं भांडं कुठं ठेवलंय तेच आठवेना. भाकरी, तुरीचं वरण, वांग्याची भाजी. कमलम्मानं भाकरी मोडली, पुन्हा वरण मागितलं, आणि मॅडमना म्हणाली, "तुझ्या आईला घेऊन ये एक दिवस. व्यंकटच्या हलगीचं बोलू."

"आणते."

"आन् ह्यांना जरा बोलायला शिकव. रेघा ओढायला शिकवलंस, तोंड उघडायला शिकवलं न्हाईस."

"शिकवायलेय, अम्मा," मॅडम म्हणाल्या. "निळी रेघ हाय अजून."

आता बोटं पूर्वीपेक्षा जास्त उघडतात. डॉक्टर सांगतील तेव्हा मी वर जातो, डाव्या यादीतलं बोटांच्या टेकूचं काम उघडतो, कोन थोडा बदलतो आणि मशीन लावून देतो. मॅडमना हाक मारावी लागत नाही. त्या मुलींना तांब्या फिरवून दाखवत असतात.

पुण्याच्या त्या पंपांचं त्यांना अजून वाईट वाटतं, मला ठाऊक आहे. म्हणून आधार बदलला की मी त्यांना सांगायला विसरत नाही. परवा त्यांनी विचारलं, "कसं बसलंय, अप्पा?" मी म्हणालो, सकाळी पूजा झाली, एक भाकरी आणि वर अर्धी खाल्ली. त्या हसल्या आणि मुलींकडं वळून म्हणाल्या, "हां, आता पाट मांडा."